पूजेतला पाना

मला दसऱ्याचं सोनं पाठवू नका. मोबाईलवर चमकणारी आपट्याची पानं तर अजिबात नको.

दरवर्षी सांगते, तरी कुणीतरी पाठवतंच. म्हणून या वेळी कारण लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे मी, चुका काढत बसू नका.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. मी नऊ वर्षांची.

माझा अप्पा फवारणीच्या विमानाचा मेकॅनिक. उसावर रोग पडला की ते यायचं. छोटंसं. एकच माणूस बसणार, पोटात औषधाची टाकी.
शिवारात विमान उतरायची मुरमाची पट्टी होती, तिला लागून आमची पत्र्याची खोली.

विमान चालवायचे कॅप्टन दिलीप. लई हसरे.
मी हात मागं बांधून विमानाभोवती फिरायची, म्हणून मला 'इन्स्पेक्टरबाई' म्हणायचे.

खंडेनवमीला अव्वानं, माझ्या आईनं, अप्पाची सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. हळदीकुंकू मी लावलं. राखण पण माझ्याकडंच.
आमच्यात पुजलेलं हत्यार दसऱ्याचा नैवेद्य होईपर्यंत उचलत नाहीत.

दिवस मावळताना अप्पा आला. कॅप्टन म्हणाले होते, विमान वर घ्यायचा दांडा ओढताना जड लागतोय, शेपटीचं झाकण उघडून आतली तार बघा. त्याला पाना पाहिजे होता.

मी पाटापुढं आडवी झाले.

"ब्याड अप्पा, नको. पूजेतला हाय. देवी कोपंल."

चुलीपाशी बसलेली अव्वा पण माझ्याच बाजूनं बोलली.

अप्पा हसला. "बरं बाई. उद्या नैवेद्य झाला की बघू."

पण फवारणी वारा उठायच्या आत करतात. दसऱ्याला उजाडताच कॅप्टन हजर.
"तार बघितली ना, अप्पा?"

"बघितली," अप्पा म्हणाला. आणि तपासणीच्या वहीत सही केली.

पूजेचं कारण सांगायची लाज वाटली असेल. एका दिवसात काय होतंय, असं पण वाटलं असेल. मी कधी विचारलं नाही.

जाताना कॅप्टन मला म्हणाले, "इन्स्पेक्टरबाई, उतरलो की सोनं देतो तुला."

तिसऱ्या फेरीला विमान उसावर खाली आलं.
वर उठलंच नाही.

चौकशीला साहेब आले. तार तुटली होती, धागा धागा करून आधीच झिजलेली. झाकण उघडलं असतं तर आंधळ्याला पण हाताला लागली असती.

अप्पा म्हणाला, "सही माझी हाय. बघितलं न्हाय."
पूजेचं बोलला नाही. माझं नाव घेतलं नाही.

काम गेलं. पुढं एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर राबला. मरेस्तोवर, वर विमानाचा आवाज आला की उठून घरात जायचा.

लोक म्हणतात, तू पोर होतीस.
होते की. अप्पा पोर नव्हता. त्याचं चुकलं, लई चुकलं. माझा बाप म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

काल माझ्या पोरानं गॅरेजमधली हत्यारं पुजली. कुंकू लावायच्या आत मी एक पाना उचलून बाजूला ठेवला. नवी सून बघत राहिली.
दरवर्षी ठेवते. कुणाला लागला तर असावा.

कॅप्टन दिलीप, तुमचं सोनं अजून यायचंय. तोवर मी दुसऱ्याचं घेत नाही.

नमस्कार करते.