गडी कोण?

माझ्या आत्येबहिणीइतकं शिकून आयुष्याचं मातेरं करून घेतलेलं माणूस अख्ख्या पाटोदा तालुक्यात सापडायचं नाही, आणि ते तिच्याइतकं ताठ मानेनं मिरवणारंही नाही. सरकारी शिष्यवृत्तीवर ती विलायतेच्या विद्यापीठात गेली, आणि तेही बाई, पुरुष, वंश आणि ओळख हे विषय शिकायला. माझ्या वडिलांनी विचारलं, "बाई आन् पुरुष शिकायला इमानात कशाला बसाय लागतंय?" ती म्हणाली, "कावून न्हाई लागनार, मामा? हितं कुनी सांगतं का?" कुणी चहात साखर किती विचारलं, तर आधी ऊस कुणी तोडला ते सांगा म्हणायची. दुष्काळात पाण्याचा टँकर आला की पारावर बसलेल्या गड्यांच्या हातात घागरी द्यायची. "पानी पिता न्हवं? मग धरा." त्या दुष्काळात आमच्या गावच्या पुरुषांनी टँकर चुकण्यापेक्षा ती भेटण्याची धास्ती जास्त घेतली होती.

सुट्टीला आली की तिकडच्या गमती सांगायची. "हितं मला काळी म्हनायचे, तिकडं तपकिरी म्हनत्यात. बढतीच हाय की गं!" तिकडे वर्गात पहिल्याच दिवशी प्रत्येकानं आपली ओळख सांगायची होती. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. आईबापाच्या मागे उसाच्या फडात वाढलेली ही बया गंमत म्हणून म्हणाली, मी अर्धा कोयता. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, बीडकडे बाईही नाही आणि पुरुषही नाही अशी एखादी जुनी ओळख असणार. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली, आणि यावरच प्रबंध लिही म्हणून गळ घातली. खरं काय ते सांगितल्यावरही बाईंचा उत्साह काही ओसरेना. मग तिनं आईच्या कामावरच लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता त्यात तिचा जीव गुंतला. प्रबंध पुरा झाला की तिथेच शिकवायची नोकरी होती. आत्याच्या हातातला कोयता कायमचा सुटणार होता.

तेवढ्यात तिचे वडील गेले. त्या वर्षीही पाऊस नव्हता. सहकारी कारखान्यासाठी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडे आत्या गेली, तर तो म्हणाला, अर्धा कोयता नेत न्हाई. माझ्या वडिलांनी आमच्याकडे राहा म्हणून परोपरीनं विनवलं, पण भावाच्या दारात म्हातारपण काढायला ती तयार नव्हती. तिनं लेकीला फोन केला. "तुला तिकडं अर्ध्या कोयत्यावर शिकिवत्यात, मला हितं त्याच्यावर काम बी देत न्हाईत."

लेक प्रबंध अर्धवट टाकून आली आणि मुकादमापुढे उभी राहिली. मी सोबत होते.

"आमी दोघी मिळून एक कोयता."

"दोन बाया म्हंजी कोयता न्हवं, ताई," मुकादम म्हणाला. "गडी कोन?"

मला वाटलं, आता व्याख्यान सुरू होणार. पण ती एवढंच म्हणाली, "मी गडी. बोला."

मुकादमाची माणसं खो खो हसली. आत्यानं पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून टोळीत तिला सगळे गडीच म्हणतात. विद्यापीठानं वर्षभर तिची जागा राखली होती. ती मुदत संपली तेव्हा ती फडात होती. मला संताप येतो. मुकादमाचा येतो, कोरड्या आभाळाचा येतो. ती विलायतेला निघाली तेव्हा तिला शाल-नारळ देऊन नारीशक्तीवर भाषण ठोकणाऱ्या कारखान्याच्या अध्यक्षांचा तर फारच येतो. आणि तिचाही येतो. यंदा टोळीचा ट्रॅक्टर निघताना मी न राहवून विचारलं, "पुन्हा जाशील ना गं शिकायला?"

"आई हाय तवर न्हाई," ती म्हणाली. आत्या तिला टेकूनच बसली होती. तिनं ऐकलं, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

आता रोज देवापुढे दिवा लावताना मी आत्यासाठी उदंड आयुष्य मागते, आणि मागताना दरवेळी माझी जीभ अडखळते.