ताईची खोली पलीकडची होती

साल दोन हजार चोवीस, आणि मी बहात्तर वर्षांचा. आधार कार्डावर सत्तर आहे, पण माझी आई सांगायची तेच मी धरतो. शाळा चौथीत सुटली. लिहिण्यात चुका निघतील. ज्याला काढायच्या त्यानं खुशाल काढाव्यात.

खानदेशातून सुरतेला आलो तो कापड विणायच्या लूमच्या खात्यात कामाला. त्या खडखडाटात कान अर्धे गेले. आता मुलाची एम्ब्रॉयडरीची मशीनं आहेत, सुरतेतच कोसाडला स्वतःचं घर आहे. ह्या वर्षी दोऱ्याच्या कंपनीनं आपल्या गिऱ्हाइकांना मुंबईहून मोठ्या जहाजाची सहल दिली, दोन रात्रींची. मुलगा, सून, तीन नातवंडं आणि सुनेची आई, असे जाणार होते. ऐन वेळी तिचे गुडघे धरले, म्हणून तिच्या जागी मी. मला कोणी हौसेनं नेलं नाही हे मला समजत होतं. पण गेलो तो कोपऱ्यात बसायला गेलो नाही.

नातवंडांत थोरला पंधरा वर्षांचा, मधली अकरा, धाकटा चार. मधलीला सगळे ताई म्हणतात. धाकटा जन्मला तेव्हापासून तिची आईसुद्धा तिला ताईच म्हणते, आणि तेव्हापासून तो तिच्या कडेवर आहे. आमच्याकडे ह्याचं कोणाला नवल नाही. मोठी बहीण आहे ना, दे तिच्याकडे.

जहाजाच्या एका मजल्यावर पोरांसाठी वेगळ्या खोल्या होत्या. तिथल्या बाईनं हिंदीत समजावलं. तीन ते सात वर्षांची इकडे, आठ ते बाराची समोरच्या खोलीत, आणि तेराच्या पुढची टोकाला. लहानांच्या मनगटाला पट्टी बांधायची, ज्यानं सोडलं त्यानंच न्यायला यायचं. मोठी पोरं आपली आपण येणार-जाणार.

सून म्हणाली, "दोनो को साथ में रखो ना."

"छोटे को उधर नहीं भेज सकते. दीदी चाहे तो इधर बैठ सकती है."

"हां, बैठेगी. ताई, जा गं त्याला घेऊन."

दीदीला काय हवं ते कोणी विचारलं नाही. आणि पंधरा वर्षांचा दांडगा भाऊ शेजारी उभा होता, त्याला तर कोणी हाकही मारली नाही. तो केव्हाच टोकाच्या खोलीकडे सटकला.

दुपारी मी बघायला गेलो. लहानांच्या खोलीला खाली जमिनीपर्यंत काच होती. आत प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद, रंग, मऊ ठोकळे. चार वर्षांच्या पोराचं काय असतं, एकच खेळ शंभरदा. ठोकळे रचायचे, पाडायचे, हसायचं, परत रचायचे. ताई त्या वीतभर खुर्चीवर बसली होती, गुडघे हनुवटीला लागलेले, आणि धाकट्यानं तिचा फ्रॉक मुठीत धरलेला. तेवढ्यात समोरच्या खोलीतली टोळी बाहेर आली. डोक्याला काळी फडकी, हातात नकाशा, एकमेकांच्या कानात कुजबुज. जहाजभर काहीतरी लपवलेलं शोधायला निघाली होती. ताईची मान त्यांच्याबरोबर फिरली, पार जिन्यापर्यंत. मग तिनं मला बघितलं आणि दुसरीकडे पाहू लागली.

टोकाच्या खोलीतही डोकावलो. थोरला लोळायच्या गादीवर पडून होता. म्हणाला, "नाना, बोर आहे इथं." बोर आहे तर जेवायला चल म्हटलं, तर उठेना. त्या वयाला दार उघडं लागतं, मग पोरगं आतच बसतं.

जेवताना ताई हळूच म्हणाली, "उद्या संध्याकाळी त्या खोलीतली मुलं मोठ्या स्टेजवर नाटक करणारेत. सकाळी जो जाईल त्यालाच घेणारेत."

सून म्हणाली, "आणि ह्याला कोण बघेल?"

"मी," म्हणालो.

सगळं टेबल हसलं. मुलाच्या तर नाकातून सरबत आलं. "नाना, तुम्ही? तुम्ही मला तरी कधी घेतलं होतं का?"

"तुला घ्यायला तुझी आई होती. ह्याला मी आहे."

"तो रडला तर?"

"रडला तर रडू दे. ती उद्या पलीकडच्या खोलीत जाईल. विषय संपला."

सकाळी ताईला मीच पलीकडे नेलं. दारातल्या बाईनं तिच्या छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि आतल्या एका पोरीनं लगेच तिला नावानं हाक मारली. ताईनं आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणाला बोलावतात की काय म्हणून.

धाकट्यानं मात्र जहाज डोक्यावर घेतलं. मी आत जायला लागलो तर बाई आडवी. "दादाजी, बडे लोग अंदर नहीं बैठ सकते."

"ठीक है. बाहर बैठेगा."

तिनं खुर्ची आणून दिली. खुर्चीवर बसलो तर आत खाली बसलेल्या पोराला माझं तोंड बघायला मान वर करावी लागे. म्हणून खुर्ची सरकवली आणि काचेपाशी जमिनीवर मांडी घातली. तो आतून काचेला नाक लावून रडतोय, मी बाहेरून त्याला तोंडं वाकडी करून दाखवतोय. येणारे-जाणारे थांबून बघत होते. कोणी फोटोही काढला असेल. काढा म्हटलं.

थोड्या वेळानं मुलगा धावत आला. "नाना, उठा ना. कंपनीचे साहेब आत्ताच इकडून गेले. काय म्हणतील?"

"म्हणतील, ह्याचा बाप खाली बसतो. बरोबरच आहे. खाली बसूनच तुला मोठा केला. आणि ही काय जमीन आहे? गालिचा आहे, नुसती गादी."

"मी हात जोडतो तुम्हाला."

"मी आठेच बसस," मी म्हणालो, म्हणजे इथंच बसतो. राग आला की माझ्या तोंडून अहिराणीच निघते, आणि तसं निघालं की मुलाला समजतं, आता बोलण्यात अर्थ नाही. तो गेला.

पोरगं हळूहळू गप्प झालं. एक ठोकळा उचलला, माझ्याकडे पाहिलं. दुसरा ठेवला, पुन्हा पाहिलं. पुढं पाहणं कमी झालं. आणि मग खेळाच्या नादात त्यानं चड्डी ओली केली.

बाईनं सुनेला फोन लावला. सून तणतणत आली आणि माझ्याकडे न बघता सरळ पलीकडच्या दाराकडे. "ताईला बोलावते."

मी काचेला धरून उठलो आणि त्या दारात उभा राहिलो. "तिला बाहेर काढायचं नाही. आण ती चड्डी."

"नाना, तुम्हाला येतं का हे?"

"ओली काढायची, कोरडी घालायची. ह्यात काय यायचंय?"

नातवाला धुतलं, पुसलं, चड्डी घातली. तो खाली बघून म्हणाला, "नाना, उलटी आहे."

"असू दे. कोण बघतंय?"

तो परत आत गेला तो चेंडूंच्या हौदात शिरला आणि नंतर त्यानं काचेकडे एकदाही पाहिलं नाही. जरा लागलं मला. तरी उठलो नाही. बसतो म्हणालो होतो.

संध्याकाळी नाटक झालं. ताईला एकच वाक्य होतं. खलाशी होती ती. कमरेवर हात ठेवून ओरडली, "समोर जमीन दिसतेय!" माझ्या ह्या अर्ध्या कानांनाही स्वच्छ ऐकू आलं. मग त्या टोळीबरोबर खाली वाकली, वर उठली आणि पोरींच्या गळ्यात हात टाकून हसत आत पळाली. आमच्याकडे बघायला तिला सवड नव्हती. मला तेच आवडलं.

तिसऱ्या दिवशी उतरलो, दुपारच्या गाडीनं सुरतेला आलो. घरी बॅगा उघडता उघडता सून म्हणाली, "ताई, उद्या लवकर उठ. ह्याला बालवाडीत सोडून मग तुझ्या शाळेत जायचंय."

रोजचंच होतं ते. त्याला सोडायचं, मग पळत सुटायचं, आणि प्रार्थना सुरू झालेली असली की फाटकाबाहेर उभं राहायचं.

मी म्हणालो, "उद्यापासून मी सोडेन."

"नाना, जहाजावरचं जहाजावर राहू द्या. इथं लोक हसतील."

"हसू दे."

"मीपण माहेरी तीन भावंडं वाढवली. काय झालं मला?"

"काय झालं ते तुलाच माहीत. ह्या घरात आल्यापासून तुला खळखळून हसताना मी ह्या सहलीतच पाहिलं."

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. ताई दाराशी उभी होती, पाय वाजू न देता, जशी परीक्षेचा निकाल ऐकायला पोरं उभी राहतात. मग सुनेनं धाकट्याचा बालवाडीचा गणवेश उचलला आणि माझ्या खाटेवर आणून ठेवला.

सकाळी मी त्याला उठवलं, आंघोळ घातली. शर्टाची बटणं वरखाली लागली, ती तशीच राहू दिली. ताई आपल्या वेण्या घालत होती. तिला म्हटलं, तू सावकाश जा. चहाच्या टपरीवरून जाताना एक जण ओरडला, "काय नाना, आयाची नोकरी लागली का?"

"लागली," म्हणालो, आणि नातवाचं दप्तर खांद्याला अडकवून त्याला बालवाडीत पोचवून आलो.