डावीकडचं दार

नववी गाडी बघून आम्ही रिक्षातून घरी येत होतो, तेव्हा मला गाडी या शब्दाचाच वीट आला होता. एप्रिलचं ऊन, विजापूर रोडची धूळ, आणि शेजारी आमचे हे, काळा चष्मा लावून गप्प. सात रस्त्यापाशी आल्यावर म्हणाले, "क्लच जड हाय." झालं, नववीचा निकाल लागला. आठवीचा गिअर अडकत होता. सातवीतून करकंबच्या कुणीतरी डेअरीला दुधाचे कॅन नेले होते, तिच्या सीटला आंबूस वास होता. सहावीचं काय बिघडलं होतं ते माझ्या लक्षातही राहिलं नाही. नऊ गाड्या म्हणजे माझे नऊ रविवार, आणि आठवडाभर शाळेत पोरांपुढे ओरडून झाल्यावर रविवार काय असतो ते मास्तरणीलाच विचारावं.

मला गाडीतलं काही कळत नाही आणि यांना सगळं कळतं, म्हणून मी त्यांच्या मागे फिरत होते. यांनी बत्तीस वर्षं चादरीच्या एका कारखानदाराची गाडी चालवली. साहेबांच्या गाड्या बदलल्या, साहेबांचे केस पांढरे झाले, पुढच्या सीटवरचा माणूस मात्र तोच. घरी येऊन सांगायचे, "आज आपली गाडी सर्व्हिसिंगला टाकली." मी म्हणायची, "आपली म्हणजे कुणाची हो?" तेव्हा हसायचे. आपली खरोखरची एक छोटी गाडी घ्यायची, जुनी का असेना, हे त्यांनी फार वर्षांपूर्वी ठरवलं होतं. निवृत्त झाल्यावर घ्यायची, रोज सकाळी पुसायची, आणि मागच्या सीटवर मला बसवून गावभर हिंडवायचं. मला मागे का, असं विचारलं तर म्हणायचे, "मालकीण मागंच बसती की."

पण निवृत्तीच्या आधी साखरेनं डोळे गाठले. समोर बघितलं की मधोमध धूर दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. एका संध्याकाळी साहेबांना घरी सोडून यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि उद्यापासून दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं. काही झालं नव्हतं, कुणाला धक्का लागला नव्हता. लागायच्या आधीच सोडली, एवढाच त्यांचा ताठा. साहेबांनी शाल, श्रीफळ आणि आपल्या कारखान्यातली एक चादर दिली. चादरी आमच्या घरात आधीच अकरा होत्या.

मग डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. दर दीड महिन्याला दवाखाना, डोळ्यावर पट्टी, आणि माझ्या स्कूटीवर मागे बसून उन्हातून परत. जन्मात कुणाच्या मागे न बसलेला माणूस. स्पीडब्रेकर आला की यांचा उजवा पाय फुटरेस्टवर दाबला जायचा, तिथं नसलेला ब्रेक मारायला. एकदा पट्टीत धूळ गेली आणि रात्रभर डोळ्यातून पाणी वाहत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, आता गाडी घ्यायचीच, मी चालवते. ते म्हणाले, "बघ." एवढंच.

एकोणपन्नासाव्या वर्षी मी सकाळी सहाला ड्रायव्हिंग क्लासला जायला लागले. शिकवणारा सारखा "मॅडम, हाफ क्लच, मॅडम, हाफ क्लच" म्हणून माझा उद्धार करायचा. घरी बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर बसलेला आणि मी पैसे भरून परक्याकडून शिकत होते. हे एका शब्दानं विचारायचे नाहीत. घामेजून घरी आले की म्हणायचे, "चहा टाकू?" लायसन्स आलं तेव्हा त्यांनी ते डोळ्याच्या कडेशी धरून बघितलं, अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय." मला वाईट वाटलं. शाबास म्हणायला काय जात होतं?

गाड्या बघायला आमच्याबरोबर मिस्त्रीभाई असायचे. अक्कलकोट रोडला त्यांचं गॅरेज आहे, साहेबांच्या गाड्या वीस वर्षं त्यांच्याच हाताखालून गेल्या. आमची अट साधी होती. छोटी गाडी, अडीच लाखांच्या आत, सोलापूरचीच, म्हणजे तेरा पासिंग. पुण्याची नको, तिथल्या ट्रॅफिकमध्ये क्लच जळतो, असं यांचं मत. मिस्त्रीभाई बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि हे बाहेरून हातानं बघायचे. दाराच्या रबराखालून बोट फिरवून "हितं पत्रा बदललाय" म्हणून सांगायचे, आणि मिस्त्रीभाई वाकून बघायचे तर तसंच निघायचं. मंगळवेढ्याहून आलेल्या एका गाडीचा मीटर तीस हजार दाखवत होता. यांनी आत बसून पायानं नुसतं क्लचचं रबर चाचपलं. पार गुळगुळीत झालेलं होतं. "मीटर तीस हजार सांगतंय, पायडल दीड लाख सांगतंय," म्हणाले आणि उतरले. एजंटानं कपाळाला हात लावला. त्या दिवशी मला यांचा फार अभिमान वाटला होता.

पण प्रत्येक गाडीत काही ना काही निघतच गेलं. पुण्याहून लेक फोनवर म्हणाली, "आई, माझ्या लग्नात बाबांनी एवढी स्थळं बघितली नव्हती." मी हसले, पण ते वरवरचं होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा इंजेक्शन होतं आणि स्कूटी दारात तशीच उभी होती.

नवव्या गाडीच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कूटीचा ब्रेक आवळून घ्यायला मी गॅरेजवर गेले. मिस्त्रीभाईंनी काम केलं, हात पुसले आणि जरा घुटमळले.

"भाभी, एक बात बोलू? राग नका मानू."

"बोला की."

"ती पहिली गाडी आठवते? चंदेरी. जुळे सोलापूर भागातली, त्या बँकवाल्या साहेबांची."

आठवत होती. कव्हर घालून ठेवलेली, आतून नवी कोरी. हे ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, दार लावून घेतलं होतं, खिशातल्या पिवळ्या फडक्यानं आरसा पुसला होता आणि बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग उतरून म्हणाले होते, "न्हाय. स्टेअरिंग एका अंगाला ओढतंय."

"गाडी चालू पण केली नव्हती, भाभी," मिस्त्रीभाई म्हणाले. "उभ्या गाडीचं स्टेअरिंग कधी ओढतं का? मी तेव्हाच समजलो. मंगळवेढ्याची खराब होती, दुधाची खराब होती. बाकीच्यांत सोडून द्यावी अशी खोट नव्हती. मी कसं बोलणार? माझ्यापेक्षा त्यांना जास्त समजतं."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही, इतकी चिडले होते. हे ओट्यापाशी खाली बसून चटणीसाठी शेंगा फोडत होते. ते काम त्यांना डोळ्यांशिवाय जमतं. मी पर्स टाकली आणि उभ्याउभ्याच सुरू केलं. माझे रविवार, माझे पाय, माझा क्लास, रिक्षांचे हेलपाटे. गाडी घ्यायचीच नव्हती तर तोंडानं सांगायचं होतं. आणि मग ते वाक्य माझ्या तोंडून गेलं.

"नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालंय तुमचं!"

बोलले आणि जीभ चावली. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कमी बोललेली नाही. तवा तापला की आमच्याकडे लाह्या फुटतातच. पण हे तसलं नव्हतं. आंधळ्या होत चाललेल्या माणसाला मी त्याचा आंधळेपणा तोंडावर फेकून मारला होता.

त्यांनी हातातली शेंग फोडली. दाणे ताटलीत टाकले.

"व्हय," म्हणाले. "न्हायच येत आता नाचाया."

मी खाली बसले. मग ते सांगायला लागले, शेंगा फोडता फोडता, माझ्याकडे न बघता. "आत बसलो की पाय आपोआप जाग्याव जात्यात. हात गिअरवर जातू. वाटतं, किल्ली फिरवावी, जाईल की. मग म्होरं बघतो, तर काचंत नुसता धूर. आता खाली उतरायचं. पण काय सांगून उतरू? तू हुबी, मिस्त्री हुबा, गाडीवाला हुबा. मला दिसत न्हाय म्हणून उतरतो, म्हणू? गाडीतच काय तरी खोट असाया पायजे की."

मला रडू आलं, आणि खरं सांगते, रागही गेला नव्हता. दोन्ही एकदम होतं. मी म्हणाले, "मग त्या सीटवर बसताच कशाला?"

"दुसरीकडं कुटं बसायचं ते म्हाईत न्हाय," ते म्हणाले.

त्या आठवड्यात दोघंही गाडीचं नाव काढत नव्हतो. इंजेक्शनला रिक्षानं गेलो आणि आलो. रविवारी सकाळी मात्र यांनीच मिस्त्रीभाईंना फोन लावला.

दहावी गाडी वळसंगला होती. किराणा दुकानदाराची, लाल, डाव्या दाराला पोचा आलेली. दुकानदार बायकोशी कन्नडमध्ये बोलत होता आणि आमच्याशी मराठीत. "लई जपून वापरली हाय," असं तो म्हणाला. तसं सगळेच म्हणतात. त्यानं किल्ली आणली आणि साहजिकच यांच्यापुढे धरली. "घ्या मालक, बसून बघा."

यांनी हात पुढे केला नाही. मला वाटलं दिसली नसेल, म्हणून मी पुढे झाले. तेवढ्यात ते म्हणाले, "किल्ली आमच्या बाईंकडं द्या. चालवणार त्या हायत."

आणि बॉनेटवर हात ठेवून, गाडीच्या कडेकडेनं, पुढून वळसा घालून ते डावीकडे गेले. पोचा आलेल्या दाराचं हँडल त्यांना पटकन सापडेना. मिस्त्रीभाई मदतीला निघाले, मी डोळ्यांनीच नको म्हटलं. सापडलं. आत बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, शेवटी गुडघ्यांवर ठेवले. वर्गात नव्यानं आलेली पोरं बसतात तसे.

दहा गाड्यांत पहिल्यांदा मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मिस्त्रीभाई मागे बसले. गाडी दुकानासमोरून निघाली, दोनदा बंद पडली, मग अक्कलकोट रस्त्याला लागली. हे मान तिरकी करून ऐकत होते. "तिसरा टाक," म्हणाले. मी टाकला. "आता चौथा. घाबरू नको, मागं टँकर हाय, जाऊ दे त्येला." त्यांना टँकर दिसला नव्हता, आवाजावरून सांगत होते. वळणावर मी जरा जास्त जोरात आले, तर त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला गेला. मी वेग कमी केला.

परत आल्यावर म्हणाले, "क्लच जरा जड हाय." मी किल्ली दुकानदाराला परत द्यायला निघाले. "पण पाय बसंल तुझा. घेऊ या." पोचा दाखवून त्यांनी थोडे पैसे तेवढे कमी करून घेतले.

कागदपत्रं होऊन गाडी हातात यायला आणखी काही दिवस गेले. ज्या दिवशी आणली त्या दिवशी मी वळसंग ते घर स्टेअरिंगवरचा हात काढून एकदा केससुद्धा मागे सारले नाहीत, इतकी धास्तावले होते. त्यात आमची गल्ली अरुंद. घरासमोर भिंतीशी गाडी उलटी लावायची, म्हणजे रिव्हर्स, आणि क्लासमध्ये मी सगळ्यात जास्त बोलणी त्याच्यावर खाल्ली होती. मी तोंडाचा पट्टा सुरू करायच्या आत डावीकडचं दार उघडून हे खाली उतरले. गाडीला धरून मागे गेले. आरशात बघते तर भिंत आणि डिकी यांच्या मधोमध उभे. एक हात भिंतीवर, एक डिकीवर, खांद्यावर ते पिवळं फडकं.

"बाजूला व्हा हो!" मी ओरडले.

"येऊ दे," ते म्हणाले, आणि डिकीवर थाप मारली.

बत्तीस वर्षं दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यासाठी मारलेली थाप. क्लच खरंच जड होता. मी गाडी बोट-बोट मागे घेतली.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडं थोडं. येऊ दे." थाप, थाप. आरशात मला त्यांचे दोन्ही हात एकमेकांच्या जवळ येताना दिसत होते. नीट दिसत नव्हतं त्यांना, मधलं अंतर ते आपल्या हातांनी मोजत होते.

"बास!"

मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि तशीच बसून राहिले. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटला होता. खाली उतरून बघितलं तर गाडी आणि भिंत यांच्यात चांगली दीड हात जागा राहिली होती. पुढचं चाक गल्लीत आलं होतं. शेजारचे काका मोटारसायकल काढायला आले आणि अडले.

"बाई, अजून मागं घ्या की. लई जागा हाय."

हे डिकीवरची धूळ पुसत होते. त्यांचं फडकं थांबलं.

"नाही हो काका," मी किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाले. "आमच्या ड्रायव्हरनं बास म्हटलंय."