मंडईपर्यंत न थांबलेला पिक्चर

कुठे लागला तर हा पिक्चर नक्की पाहा, असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या एकानेही तो पाहिलेला नाही. त्यामुळे आता तुम्हाला सांगायलाही तोंड उघडत नाही. तरी सांगते. एका गावातल्या बँडपार्टीची गोष्ट आहे. ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरतं आणि बँड त्याचाच ठरतो, कारण त्या तिथीला दुसरा मिळतच नाही. मग हा गडी वरातीपुढे वाजवत येतो, मांडवाजवळ आल्यावर ट्रम्पेट खाली ठेवून धावत आत जातो, बँडचा लाल कोट काढतो आणि मुलीचा बाप होऊन त्याच वरातीचं स्वागत करायला बाहेर येतो. मारामारी नाही, परदेशातली गाणी नाहीत. मी पोट धरून हसले. आणि तो बाप म्हणजे आमचे हे.

हे आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करतात. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावच्या मंडपांत लोकांना हसवायचं आणि सकाळी घरी येऊन तोंड पाडून झोपायचं, असा आमचा संसार. यांच्या विनोदातलं माझ्या वाट्याला आलं ते फक्त घोरणं. मी अड्याळला घरीच ब्लाउज शिवते. दोन वर्षांपूर्वी पिक्चरवाल्यांनी कुठल्याशा मंडपात यांचं काम पाहिलं आणि उन्हाळ्यात कोंढ्याकडे शूटिंगला नेलं. परत आल्यावर हे म्हणाले, "लय बोर काम आहे. एकही माणूस समोर बसून नाही राह्यत."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो पिक्चर भंडाऱ्याला लागला. एकच टॉकीज, एकच दुपारचा खेळ. मला वाटलं, हे उड्या मारत निघतील. पण यांनी मान हलवली.

"रिकाम्या खुर्च्याइत बसून कायले पाहू? गावातले लोकं जाऊ दे. त्याइच्या मागं बसीन मी. मले पिक्चर नाही पाहाचा, लोकं कसे पाह्यतेत थे पाहाचं आहे."

यात नवल नव्हतं. नाटक सुरू होण्याआधी हे पडद्याच्या फटीतून मंडप पाहतात. मंडप भरलेला दिसला की अर्धं काम तिथेच रंगतं. नसला तर पुन्हा पुन्हा फटीशी जातात. उभ्या आयुष्यात यांनी स्वतःचं काम कधी पाहिलेलं नाही, पाहिलेत ते फक्त समोरचे चेहरे. मी नणंदेला घेऊन पहिल्याच शुक्रवारी पाहून आले. घरात पाय ठेवताच यांनी बजावलं, "काही सांगू नको. मजा जाईल माही."

म्हणजे आता गाव भंडाऱ्याला नेणं माझ्यावर आलं. दिवाळीचे दिवस, ब्लाउजांचा ढीग पडलेला, दिवसभर बायांची ये-जा. टेप गळ्यात टाकून मी माप घेता घेता पिक्चरची शिफारस करू लागले. बाह्या केवढ्या, गळा केवढा आणि पिक्चर किती छान. बाई टेपमध्ये अडकलेली असायची, त्यामुळे ऐकून घ्यायची.

"हिरो कोण आहे काकू?"

"हिरो नाही. आमचेच आहेत."

"अगं बाई! मंग तं पाहाच लागते. लावणी आहे का त्याच्यात?"

"लावणी नाही वं. बँड आहे."

"असू दे, असू दे. मंडईत जावई येऊन राहिले, पोरगी येऊन राहिली. सगळे संगंच जाऊ."

असं प्रत्येकीचंच. पहिलीने म्हटलं तेव्हा हसले, दुसरीने म्हटलं तेव्हा समजावलं, पुढे पुढे माझा आवाज चढू लागला. शुक्रवारी नवीन मोठे पिक्चर लागतात, आपला गुरुवारीच निघेल, मंडई त्यानंतर आहे, असं मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पण आमच्याकडे चांगली गोष्ट एकट्याने पाहायची रीतच नाही. भाऊबीज झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, लेकी-जावई, पाहुणेरावळे येतात आणि त्यांच्यासोबत बसून नाटक पाहायचं असतं. नाटक गावाच्या तारखेला येतं. पाहुणे उशिरा येणार असतील तर कंपनीला फोन करून तारीखही पुढे सरकवतात. शेजारची म्हातारी तर मलाच रागावली, "काहून काढतील? तुह्या नवऱ्याचं काम आहे ना त्याच्यात? सांग ना त्याइले, मंडईपर्यंत थांबा म्हणून."

गंमत अशी, की एकही बाई नाही म्हणाली नाही. सगळ्या येणार होत्या. मी जितकं जीव तोडून सांगत होते, तितकं त्यांना वाटत होतं की एवढी चांगली गोष्ट पाहुण्यांसाठीच राखून ठेवायला हवी. माझ्याच तोंडाने मी तो पिक्चर पुढे ढकलत होते. चिडून मी एकीचा ब्लाउज उलटा शिवला.

आणि हे? हे झोपाळ्यावर बसून म्हणायचे, "येतेत ना लोकं. मंडई होऊ दे."

गुरुवारी मी मशीन बंद केली आणि यांना ओढतच एसटीत बसवलं. टॉकीजवर पोहोचलो तर खिडकीपाशी आम्ही दोघंच. खिडकीतला माणूस भला होता. म्हणाला, "भाऊ, एवढ्याशा लोकांसाठी खेळ सुरू करता येत नाही. अजून थोडे येऊ द्या."

बाहेर रस्त्यावर दिवाळीचा बाजार ओसंडत होता. मी पणत्या घेणाऱ्या बायांना गाठलं, चहाच्या टपरीवरच्यांना विनवलं. लोक माझ्याकडे अशा नजरेने पाहायचे, जणू मी काही विकायला बसले आहे. तेव्हा हे फाटकाजवळच्या ओट्यावर चढले आणि नाटकाच्या प्रचाराच्या आवाजात ओरडले, "रसिक मायबाप हो! या, या, या!" मग बँडवाल्याची चाल केली, नवरदेवाच्या घोड्याची केली, रुसलेल्या व्याह्याची केली. बघता बघता गर्दी जमली. लोक हसले, टाळ्या पडल्या, मोबाईल वर झाले. यांचा चेहरा असा फुलला, की माझाही क्षणभर विश्वास बसला. मग हे वाकून नमस्कार करून खाली उतरले आणि लोक पांगले. त्यांना वाटलं, कार्यक्रम झाला. आत कोणीच आलं नाही. खिडकीतल्या माणसाने खिडकी लावून घेतली, आणि लावताना आमच्याकडे पाहिलं नाही.

तो पिक्चर पुन्हा कुठे लागला नाही. मोबाईलवर येईल म्हणतात, अजून तरी आलेला नाही.

परतीच्या एसटीत यांनी आधी दोघांची तिकिटं काढली. मग हळूच म्हणाले, "सांग आता. बिदाईच्या सीनले लोकं किती हसले?"

पोरगी गाडीत बसते, बँडवाले बापाकडे पाहतात आणि बाप ट्रम्पेट तोंडाला लावतो. गाल फुगतात, आवाज निघत नाही. तो पुन्हा फुंकतो. पुन्हा नाही. नाटकात असं केलं की मंडप डोक्यावर घेतात. यांनी तो विनोद म्हणूनच केला होता. पण कॅमेरा जवळ आला होता, आणि मी पाहिला त्या शुक्रवारी टॉकीजमध्ये होते तेवढे लोक श्वास रोखून बसले होते. माझ्या पुढचा दाढीवाला गडी उपरण्याने डोळे पुसत होता. नणंदेने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

मला खोटं बोलता आलं नाही. "हसलं नाही कोणी," मी म्हटलं, आणि पुढचं सगळं सांगायला गेले. एवढ्या दिवसांत अख्ख्या गावाला सांगताना न थांबलेलं माझं तोंड तिथेच बंद पडलं, आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रडू नको वं. पडलं एखादं काम. पुढच्या वेळेस हसवीन मी त्याइले."