लख्ख काकूंचा खराटा

दवाखान्याच्या धुलाईखान्यात सगळी नोकरी काढलेल्या बाईला डाग जसा दिसतो, तसा इतरांना दिसत नाही. लख्ख काकू धुतलेली चादर उजेडासमोर धरायच्या आणि नापास झाली की धुणाऱ्या मुलीला विचारायच्या, "तुझ्या आईला निजवशील का यावर?" निवृत्त झाल्यावर नापास करायला चादरी उरल्या नाहीत. उरलं ते घर, आणि फाटकापासून समुद्रापर्यंतची वाळू.

ती वाळू त्या रोज खराट्याने झाडत. भरतीने टाकलेलं शेवाळ, वाळक्या काड्या, सरपटत येणारी मर्यादवेल, सगळं गोळा करून कचऱ्याच्या गाडीत. खराट्याच्या रेघा इतक्या सरळ, की गल्लीतली पोरं त्यांवर पाय द्यायला बिचकत. 'लख्ख काकू' हे नाव त्या पोरांचंच.

भिंतीला भिंत लावून शेजारी धाकट्या जावेचं घर. दोघी भावांच्या बायका. भाऊ गेले, बायका उरल्या. धाकटीचं नाव निवांत काकू. तिच्या फाटकापुढे वेलींचं रान माजलेलं आणि त्यात वाळू अडून कमरेएवढा उंचवटा झालेला.

"अगं, दारात जंगल वाढवलंयस. साप निघेल एखाद दिवशी."

"निघाला तर तुमच्याकडेच येईल, वहिनी. त्यालाही स्वच्छता आवडत असेल."

मग ते वादळ आलं. पायघड्या घातल्यासारख्या त्या झाडलेल्या वाळूवरून समुद्र थेट लख्ख काकूंच्या स्वयंपाकघरात शिरला. पिठाचा डबा तरंगत न्हाणीघरापर्यंत गेला, पुढच्या भिंतीखालची वाळू वाहून पाया उघडा पडला. निवांत काकूंकडे बाजूने एक ओघळ आला, तेवढाच.

लेक आला, चिखल उपसला, पाया बुजवून घेतला आणि म्हणाला, "आई, पुन्हा पाणी आत आलं तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. मला तिकडे झोप लागत नाही." लेकाच्या घरी सगळं होतं. केर काढायलाही बाई होती. तिथे दिवसभर आपण करायचं काय, या विचाराने लख्ख काकूंना समुद्रापेक्षा जास्त धडकी भरली.

पाहणीला किनारा खात्यातली बाई आली, तेव्हा त्यांनी दगडी भिंत मागितली.

"भिंतीवर लाट आपटते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते," बाई म्हणाली. "त्यापेक्षा शेजारच्यांनी केलंय तसं करा."

"तिने काही केलेलं नाही. जन्मात."

"मग तेच करा."

रिकामी टोपली घेऊन लख्ख काकू जावेच्या दारात उभ्या राहिल्या. "वेल हवी होती थोडी."

निवांत काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. "साप पण देऊ का?" म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

वेल लावली. पण हाताचं वळण जाता जात नाही. फांद्या सरळ रांगेत, मध्ये सारखं अंतर, आणि रोज सकाळी प्रत्येक फांदीभोवतालचं शेवाळ वेचून स्वच्छ गोल झाडलेला. वाऱ्याने ते गोल आणखी खोल कोरले, मुळं उघडी पडली, फांद्या सुकल्या.

"वहिनी, अहो, काडीकचऱ्याला अडूनच वाळू थांबते. तुम्ही तिला बसायलाच देत नाही." निवांत काकूंनी खराटा उचलला आणि आपल्या घरी नेऊन कपाटात घातला.

"काय चाललंय तुझं?"

"जप्ती."

पुन्हा वेल लावली, या वेळी जावेच्या हाताने, जाईल तशी वाकडी. नंतरचे दिवस लख्ख काकूंना फार जड गेले. खिडकीतून शेवाळाचे ढीग दिसत, तळवे शिवशिवत. घरातली भांडी मग दोनदा घासली जात. एकदा त्या नुसत्या हातांनी झाडायला निघाल्या आणि फाटकातून परत आल्या. हळूहळू वेलीने मूळ धरलं, काड्यांपाशी वाळू साचत गेली, उंचवटा गुडघ्यापर्यंत आला, मग मांडीपर्यंत. खाली बसून भांडी घासताना दारातून दिसणारा समुद्र त्याच्या मागे गेला. ते मात्र त्यांना खरंच लागलं.

पुढचं वादळ ओसरल्यावर त्यांनी दार उघडलं. उंचवट्याचा समोरचा अर्धा भाग समुद्राने खाल्ला होता, वेलीची मुळं दोऱ्यांसारखी लोंबत होती. पण पाणी फाटकाच्या आत आलं नव्हतं. लेकाचा फोन वाजला.

"आई, किती पाणी आलं घरात?"

"पाणी नाही. ओटीवर वाळू आलीये ढीगभर. ठेव फोन, मला झाडायचंय."

त्यांनी जावेकडून खराटा मागून आणला, ओटी झाडली, वाळू सुपलीत भरली. सवयीने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, थांबल्या, पुन्हा लावलं. मग फाटकाबाहेर जाऊन त्यांनी सुपली उंचवट्यावर रिकामी केली. एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि तळहाताने ती वाळू अलगद सारखी केली.

"इस्त्रीपण फिरवा," शेजारच्या खिडकीतून आवाज आला.

"तुझ्या बाजूलाही कमी झालीये," लख्ख काकू म्हणाल्या. "पुढची सुपली तिकडे टाकते."