पणजीची लांबलेली प्रार्थना

पणजी गेल्यावर भेटायला येणारा जो तो एकच वाक्य बोलत होता, "फार शांत बाई हो. देव आणि घर, दुसरं काही ठाऊकच नव्हतं तिला." थोरला मुलगा समोर बसून मान डोलवत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, मोठ्या लाँड्रीचा मालक, चारचौघांत शब्दाला वजन. पण 'शांत' म्हटलं की त्याला ओठ दाबून धरावे लागत. देव आणि घर, हे अगदी खरं. पण शांत? त्या शांत बाईने भर जेवणाच्या टेबलाशी, डोळे मिटून आणि हात जोडून आपल्याला कशी धूळ चारली होती, ते त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार!

नवरा गेला तेव्हा तिच्या पदरात तीन लेकरं होती, दोन मुलगे आणि एक मुलगी. रस्त्याकडेला एका खोलीचं इस्त्रीचं दुकान, एक लांब टेबल आणि एक कोळशाची इस्त्री, एवढाच काय तो संसार. नातेवाइकांनी सल्ले दिले. सल्ल्यांना काय तोटा! दुकान विक, भावाकडे जा, मुलांना कुठेतरी कामाला लाव. तिने सगळं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीत निखारे भरले. गिऱ्हाइकांना म्हणाली, "इस्त्री तीच आहे. फक्त हात बदललाय."

ती इस्त्री करता करता प्रार्थना करायची, आणि ज्याचा कपडा त्याच्यासाठी करायची. "देवा, या माणसाच्या बाह्या कोपरावर विरल्यात. टेबलावर डोकं धरून बसतो वाटतं. त्याची काळजी हलकी कर." पुढचा कपडा घ्यायची. "देवा, या पोरीने झगा कमरेत उसवून सैल केलाय. सुखरूप सुटू दे." वकिलाच्या काळ्या कोटासाठी मात्र तिला नेहमी जरा जास्त वेळ लागायचा.

हे सगळं मोठ्याने चालायचं. मनातल्या मनात देवाशी बोलणं तिला पटत नसे. मोठ्या माणसाशी पुटपुटून बोलू नये, असं तिचं मत. त्यामुळे घरात मुलांना मार कधी बसला नाही, पण त्यापेक्षा वाईट व्हायचं. टेबलाखाली गोट्या खेळणाऱ्या थोरल्याच्या डोक्यावर आवाज यायचा, "देवा, थोरल्याने आज बहिणीला चिमटा काढलाय. मी काही बोलत नाही. तूच काय ते बघ." लेकी बोले सुने लागे ही म्हण आपण सगळेच जाणतो. हिच्या घरी देवाला बोलणं चालायचं आणि लागायचं ते पोरांना.

जेवणाआधी उभं राहून प्रार्थना, हा घरचा कायदा. ती म्हणणार, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचं, आणि तिचं 'जेवा रे' येईपर्यंत घासाला हात लावायचा नाही. लहान लेकरं तेवढी सुटायची. "लेकराच्या भुकेला थांब म्हणायचं नसतं," असं ती म्हणे. पुढे मुलगे हाताशी आले, एका खोलीच्या चार झाल्या, कोळसा जाऊन यंत्रं आली, सुना आल्या, जावई आला, नातवंडं झाली. कायदा तोच राहिला.

आणि मग एके दिवशी माशी शिंकली. एका मोठ्या हॉटेलच्या पांढऱ्या चादरी यंत्रात होत्या. धाकट्याने त्यांच्यात नजरचुकीने एक लाल टेबलक्लॉथ टाकला. चादरी बाहेर आल्या त्या गुलाबी होऊन. हॉटेलचा मॅनेजर येऊन तोंडाला येईल ते बोलून गेला. थोरल्याचा राग आधीच नाकावर. सगळ्या कामगारांसमोर तो भावाला म्हणाला, "तू हात लावशील त्याची माती होते." धाकट्याने एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि निघून गेला. दोन गल्ल्या पलीकडे त्याने आपलं छोटं इस्त्रीचं दुकान टाकलं. चादरी आठवडाभरात पुन्हा पांढऱ्या झाल्या. ते वाक्य मात्र काही केल्या धुऊन निघालं नाही, कारण ज्याने धुवायचं तो हात लावायला तयार नव्हता.

वर्षं गेली. आई थोरल्याकडे राहायची आणि रोज काठी टेकत धाकट्याकडे जाऊन यायची. थोरल्याला त्यावरून ती कधी एक शब्द बोलली नाही. त्याला वाटलं, आईलाही आपलंच पटलंय. माणूस स्वतःला फसवायचं म्हटलं की किती हुशार होतो!

मग थोरल्याच्या मुलाला मुलगी झाली आणि आई पणजी झाली. अख्खी गल्ली तिला पणजी म्हणू लागली, आणि ती त्या हाकेने अशी फुलायची की जणू पदवीच मिळाली होती. डॉक्टरांनी मात्र थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय थकलंय, फार वेळ उभं राहू देऊ नका. तिला न सांगताही ते कळलं होतं. बाळाला घरी आणायचं ठरलं, तेव्हा ती थोरल्याला म्हणाली, "माझ्या पणतीने आपली सगळी माणसं एकदा एका टेबलाशी बघावीत. एवढंच राहिलंय बघ माझं."

"बघेल की. सगळे येतायत," थोरला म्हणाला.

"सगळे?"

"सगळे," असं म्हणून त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

त्या दुपारी घर माणसांनी भरलं. थोरली सून पहाटेपासून राबत होती. भात, रस्सा, भाजलेली कोंबडी, गोडाचं, सगळं टेबलावर वाफाळत होतं. लहानांची जेवणं झाली. मोठे आपापल्या खुर्चीमागे उभे राहिले. पणजीने खुर्चीची पाठ धरली, डोळे मिटले आणि सुरू केलं.

तिने बाळासाठी आभार मानले. बाळाच्या आईसाठी मानले, सुईणीसाठी मानले. मग भाताचे, भात पिकवणाऱ्याचे, पातेल्याचे, पातेलं विकणाऱ्याचे. जावयाने एक डोळा उघडून रश्श्याकडे पाहिलं. पणजी वकिलावर आली, वकिलावरून त्याच्या गुडघ्यांवर आली, तिथून हॉटेलच्या मॅनेजरवर. "देवा, त्याचं तोंड वाईट होतं पण पोट बिचाऱ्याचं फार दुखायचं." सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. थोरला मुद्दाम खाकरला.

"देवा, थोरल्याला खोकला झालाय. बरा कर," पणजी म्हणाली आणि शेजारणीच्या मांजराकडे वळली.

जावयाला मधुमेह होता. तो कसाबसा पुटपुटला, "आई, माझी गोळी घेऊन झालीये, आता खायला हवं..."

"देवा, जावईबापूंनी एक बिस्किट खाल्लं तर तू रागावणार नाहीस, मला माहीत आहे. बाकीच्यांचं मात्र मी सांगू शकत नाही." बिस्किटाचा कुरकुर आवाज झाला. पणजीचा सूर जरासुद्धा बदलला नाही. "देवा, तू विचारतोस, सगळे आले का? माझे डोळे मिटलेले, मला कसं दिसणार? तूच मोज. मी थांबते."

आता थोरल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांच्याच पडला. बायको त्याच्या कानाशी म्हणाली, "अहो, जा ना. रश्श्यावरचा तवंग थिजला."

"मी नाही जाणार. बघू कोण आधी थकतं," तो दातओठ खात म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा.

पण त्याची नजर आईच्या हातांवर गेली. खुर्ची धरलेली बोटं पांढरी पडली होती. तो म्हणाला, "आई, बस तरी खाली."

"देवा, मुलगा बस म्हणतोय. काळजी आहे त्याला माझी. गुणाचा आहे. पण तुझ्यासमोर मी आजवर कधी बसलेय का?"

थोरला घाबरला. मनापासून घाबरला. ही बाई बसणार नाही, उभ्या उभ्या जाईल पण बसणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. तो घरातल्या चपला तशाच पायांत ठेवून बाहेर पडला.

धाकटा दुकानात एकटाच होता. भली मोठी चादर हनुवटीखाली धरून तिची घडी करायला बघत होता. चादरीची घडी म्हणजे चार हातांचं काम. थोरल्याने खाली लोळणारी दोन टोकं उचलली. धाकटा दचकला, पण हात थांबले नाहीत. दोघांनी चादर ताणली, झटकली, दुमडली आणि चालत एकमेकांजवळ आले.

"आईची प्रार्थना संपत नाहीये," थोरला म्हणाला.

धाकट्याला पुढचं सांगावं लागलं नाही. हसू दाबत त्याने विचारलं, "कुठवर आलीये?"

"शेजारणीच्या मांजरापर्यंत."

धाकट्याचं हसू मावळलं. चादरीचं टोक त्याने अजून सोडलं नव्हतं. "तिने बोलावलंय की तू?"

रस्ताभर थोरला याच प्रश्नाला भीत आला होता. 'आईने' म्हटलं की काम झालं असतं आणि मान ताठ राहिली असती. "मी बोलावतोय," तो म्हणाला. "त्या दिवशी मी बोललो ते बोलायला नको होतं. तुझ्या हाताने कशाची माती झाली नाही. चल घरी."

धाकट्याने चादर टेबलावर ठेवली, इस्त्री बंद केली आणि बाहीने डोळे पुसत म्हणाला, "चल लवकर. ती उभी असेल."

दोघे अक्षरशः पळतच घरात शिरले. पणजी आता पाववाल्यासाठी मागत होती. चार पावलांचा आवाज आला आणि ती मध्येच थांबली. डोळे मिटलेलेच होते, पण सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "देवा, तुझा फार वेळ घेतला. जेवा रे सगळे," असं म्हणून ती खुर्चीत बसली. बाळ धाकट्याच्या हातात दिलं गेलं, आणि त्याने लगेच आपल्या चुलत आजोबाचं नाक धरलं. गार रश्श्याबद्दल त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही.

थोरला आईच्या शेजारी वाकून हळूच म्हणाला, "आई, मी गेलोच नसतो तर?"

"तर काय?" पणजी म्हणाली. "अजून अर्धी गल्ली बाकी होती माझी. घे ते पातेलं, भात वाढ. आधी धाकट्याला."

थोरल्याने पातेलं उचललं.