खुर्चीसकट उठलेले सासरे

चौदा मार्च, घरात माणसे तीन. रंगारी जावई, त्याची पत्नी आणि लग्नानंतर प्रथमच जावयाची पारख करायला आलेले सासरे.

पाहुण्यांसाठी काढलेल्या हलक्या, रंगवलेल्या लाकडी खुर्चीवरचा तेलकट डाग जावई रंगाच्या कारखान्यातून आणलेल्या ग्लायकॉल ईथरने पुसत होता. हे द्रावक तेलातही मिसळते, पाण्यातही मिसळते आणि रंगाला मऊ करते. उग्र थिनरवर हयात घालवलेल्या या जावयाला मंद वासाचा माल गरीब वाटे.

"अहो, हातमोजे घाला, ते कातडीतून अंगात जातं. आणि खिडकी उघडा."

"अगं, थिनरसारखंच हे. आत्ता उडून जाईल."

अनुभव हा ज्ञानाचा पर्याय नव्हे. थिनर झटपट उडतो. हे द्रावक रेंगाळते. सासरे बसले, चहा संपवून उठले, आणि खुर्चीही त्यांच्यामागे उठली.

"जावईबापू, बसा म्हणालात. आता उठा कधी म्हणणार?"

"बाबा, पँट काढा आणि आधी साबणाने पाय धुवा," मुलीने फर्मावले.

टॉवेल गुंडाळून सासरे खिडकीशी उभे राहिले. "मुलगा चांगला आहे," ते म्हणाले, "पण मी बसणार नाही."

पँटचे पैसे जावयाने अद्याप भरून दिलेले नाहीत.